सुटा ठोकळा

शिवडीच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर
चौदा कॉम्प्युटर. चालू नऊ.
पडद्यावर एक कावळा
आणि त्याच्या शेजारी रंगीत ठोकळ्यांची उतरंड,
उलटी वाचायची, म्हणजे वरून खाली.

मी विचारलं, हा काय करेल?

यदू घाडीनं बोट लावून वाचलं:
बटण दाबल्यावर.
चार वेळा कर.
शंभर पावलं चाल.
नव्वद अंश वळ.
एक अक्षर चुकलं नाही.
बरं, पण करेल काय?
त्यानं पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं,
कमी ऐकू येणाऱ्या माणसाला पत्ता सांगावा तसं.

निमिषा सोनकांबळे अक्षरांच्या वाटेलाच गेली नाही.
केशरीच्या पोटात दोन निळे, म्हणाली,
म्हणजे केशरी गरोदर आहे, बाई.
वर्ग फुटला हसून.
मी वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.
तीन दिवसांच्या प्रशिक्षणात
इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

मग तीच उठली. मी कावळा.
शंभर पावलांना वर्ग पुरेना,
तेव्हा दहा लाद्या ठरल्या.
दारापासून कपाटापर्यंत. वळ.
कपाटापासून खिडकीपर्यंत,
जिथून खाजण दिसतं आणि गोदीची एक क्रेन. वळ.
फळ्याखालून, डस्टर तुडवत. वळ.
चौथ्यांदा वळली तेव्हा
निघाली होती त्याच लादीवर,
तोंड पुन्हा कपाटाकडे.

अरे, चौकोन!
यदू ओरडला, चिडल्यासारखा,
इतका वेळ कुणी त्याच्याच खिशात लपवला होता तो.

शेवटच्या बाकावर मिस्बाह.
तिच्या पडद्यावर सगळं जसंच्या तसं, शिवाय
कोपऱ्यात एक जांभळा ठोकळा, सुटा:
दोन सेकंद बोल, मी आलो.

हा कधी बोलेल गं?
बाकीच्यांचं झालं की. तो थांबलाय.
नाही, तो कुणालाच जोडलेला नाही.
पण दिसतोय ना, बाई?

दिसण्याचा काही उपयोग नसतो, म्हणाले,
जोडलेलं नसलं की मशीन त्याच्याकडे बघतही नाही.
आणि उगाचच खडू शोधू लागले.
मस्टरवर माझं नाव सगळ्यात खाली आहे,
पेन्सिलीनं, जूनपासून.
स्वच्छ दिसतं.

मिस्बाहनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही.
बटण दाबलं.
कावळा फिरून आला आणि गप्प.
ती थांबली. तिच्यामागे गोळा झालेली सगळी थांबली.
मीही, सगळं ठाऊक असून.
पुन्हा दाबलं. पुन्हा गप्प.

मग तिनं तो ठोकळा उचलून उतरंडीखाली नेला.
जवळ आलं की तिथं एक राखाडी सावली उमटते,
इथे ठेव म्हणणारी.
तिनं लगेच सोडला नाही.
नुसती पुढे नेत राहिली, मागे आणत राहिली:
सावली येते, जाते, येते.
कुणी घाई केली नाही.

टक्.

मी आलो, म्हणाला कावळा.
मोजून दोन सेकंद.

घंटा झाली, मुलं पांगली.
सात नंबरवर यदूनं जाता जाता
‘चार वेळा’ काढून ‘कायम’ लावलं होतं.
तोच चौकोन, त्याच रेषेवरून,
रेघ वाढत नाही, जाड होत नाही;
लांबून बघणाऱ्याला वाटावं, अडकलंय मशीन.
पाटीवर ‘ग’ असाच गिरवायचो आम्ही,
पेन्सिल झिजेपर्यंत.

शिपाई केरकरमामा दिवे घालवायला आले.
हेही बंद करू?
राहू द्या दोन मिनिटं, म्हटलं,
आत्ता कुठे हात बसतोय.